जुन्या संगणकाची चित्रवाणी

आमच्या शिरूर-दौंडकडील मुलें नोकरीनिमित्त पुण्यास गेलीं, कीं त्यांचा जुना संगणक घरीं मागें राहतो. त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालून तो टीव्हीस जोडला, म्हणजे लग्नमुंजींचीं चित्रणें घरांतील सर्व मंडळींस एकत्र बसून पाहतां येतात. परंतु चित्रण नव्या पद्धतीचें असलें, तर आवाज पुढें जातो, चित्र मागें रेंगाळतें, पंखा घोंघावूं लागतो. आणि ‘हा आतां भंगारांत द्या’ असा निकाल तरुण मंडळी देतात. हा निकाल बहुधा घाईचा असतो.

पूर्ण एचडी चित्राच्या एका चौकटींत २०,७३,६०० बिंदू असतात. सेकंदास २५ चौकटी धरल्या, तर पांच कोटींहून अधिक बिंदू झाले! एवढें सारें कोणी लिहून ठेवीत नाहीं. व्याकरण शिकलेल्या वाचकांस पाणिनीची अनुवृत्ति आठवेल. मागील सूत्रांतील पद पुढच्या सूत्रांत पुन्हा उच्चारीत नाहींत; तें आपोआप चालत येतें. २००३ सालीं ठरलेल्या एच.२६४ पद्धतींत हेंच तत्त्व आहे. दौंड स्थानकांत मालगाडी सरकत असेल, तर फलाट व दिवे मागील चौकटींतूनच घेतात, आणि गाडी कोणत्या दिशेस किती सरकली तेवढेंच लिहितात. लिहिणें आटोपशीर झालें, पण भाष्यकाराचें काम वाढलें. हें भाष्य संगणकाचा प्रोसेसर करूं शकतो. परंतु तो पडला सर्वकामी गडी. डीकोडरची चिप या एकाच कामासाठीं घडविलेली असते आणि थोड्या विजेंत तें उरकते.

शिरूर तालुक्यांतील रांजणगांव महागणपतीमुळें सर्वांस ठाऊक आहे. तेथील औद्योगिक वसाहतींत एलजी कंपनीचे टीव्ही तयार होतात. त्या कंपनीच्या वेबओएस या टीव्ही-प्रणालीचा पाया लिनक्सच आहे, आणि टीव्हींतही चित्र उलगडण्यास अशीच निराळी सोय असते. जुन्या संगणकास आपण तीच बाहेरून द्यावयाची.

पूर्वीं यासाठीं ब्रॉडकॉमचें क्रिस्टल एचडी हें छोटें कार्ड प्रसिद्ध होतें. त्याचा ड्रायव्हर २०१० सालीं लिनक्सच्या गाभ्यांत आला. पुढें त्याची निगा कोणी राखीना, म्हणून २०१४ सालीं तो काढून टाकण्यांत आला. आज तें कार्ड कोणी स्वस्तांत देऊं केलें तरी घेऊं नये. आतां हें काम साध्या ग्राफिक्स कार्डांतच होतें. मात्र दुकानदारास ‘एचडी चालतें ना?’ एवढेंच विचारणें निरुपयोगी. एच.२६४, २०१३ सालची एचईव्हीसी, २०१८ सालची एव्ही१ यांपैकीं कोणत्या पद्धती तें उलगडतें आणि लिनक्ससाठीं ड्रायव्हर आहे कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें.

बसविणें सोपें आहे. संगणक बंद करून विजेची वायर काढावी. कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज जाऊं द्यावी. कोरड्या हिवाळ्यांत हें विसरूं नये. मागील पत्र्याची पट्टी काढून कार्ड कडांस धरून लांब स्लॉटमध्यें सरळ दाबावें व स्क्रू आवळावा. टीव्हीची वायर मग कार्डासच लावावी.

खरी गोम पुढें आहे. कार्ड निजलेलें असलें तरी चित्र दिसतेंच, कारण काम मुकाट्यानें प्रोसेसरवर पडतें. म्हणून इंटेल किंवा एएमडीच्या कार्डास ‘व्हीएइन्फो’ ही आज्ञा द्यावी. कार्ड कोणत्या पद्धती उलगडतें, त्यांची यादी येते. यादी न आली, तर ड्रायव्हर तरी नाहीं, किंवा वापरणारास परवानगी तरी नाहीं. त्याचें नांव ‘व्हिडिओ’ वा ‘रेंडर’ गटांत घालावें लागतें. नंतर कोडी या चित्रपट दाखविणाऱ्या प्रणालींत हार्डवेअरचा पर्याय चालूं आहे ना, तें पाहावें.

दौंडास माझ्या भगिनीच्या घरीं असें कार्ड गेल्या दिवाळींत बसविलें. तिच्या वृद्ध सासूबाईंस ऐकूं कमी येतें. त्या ओठांवरून शब्द ओळखतात, त्यामुळें चित्र मागें पडलें कीं त्यांचें ऐकणेंच थांबे. पणतवाच्या मुंजीचें सबंध चित्रण त्यांनीं या वेळीं एका बैठकींत पाहिलें. पंखा अजून घोंघावतो, पण तो धुळीमुळें. त्यास कार्ड काय करणार?