घाटात गाडी तापली? आधी ऑइलची पट्टी पाहा

वैशाखऱ्याहून माळशेज घाट चढताना भरलेली जीप वा टेम्पो तापला, तर त्यात नवल नाही. काटा लाल रेघेला टेकला की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. झाकण लगेच उघडू नका, उकळते पाणी तोंडावर उडते. चांगला पाऊण तास थांबा. तापल्या इंजिनात ओढ्याचे गार पाणी ओतलेत, तर हेडला चीर जाते. मग मिस्त्री तरी काय करणार?

गाडी निवली की ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. गाडी चालू करूच नका, बेअरिंग जातील. टोचन लावूनच न्या. ऑइल स्वच्छ असेल तर पाणी भरा आणि झाकण उघडे ठेवून, तोंड लांब ठेवून, चालू करा. सुरुवातीचे बुडबुडे हवेचे असतात. ते थांबेचनात, किंवा बाहेर थेंब गळत नसता पाणी कमी होत राहिले अन् सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहिला, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरा.

हेड उतरवल्यावर नुसते नवे गॅस्केट टाकून घेऊ नका. हेड वाकले आहे का, हे सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून समोर पाहा. वाकले असेल तर फेसिंग करावे लागते. गाडी तापली का, तेही विचारा: पंख्याचा पट्टा, होज पाइप, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट. हा थर्मोस्टॅट काढून फेकणारे मिस्त्री आपल्याकडे पुष्कळ. तसे करू देऊ नका, नवा बसवून घ्या.