संगणकाच्या इन्स्टॉलरची चाचणी आणि दोषनिवेदन

शाळेतील जुना संगणक पुन्हा उपयोगात आणावयाचा झाल्यास त्यात कार्यप्रणाली नव्याने बसवावी लागते. हे काम करणाऱ्या कार्यक्रमास इन्स्टॉलर म्हणतात. यंत्रात डिस्क किती आहेत, कळफलक कोणता आहे, नेटवर्क कार्ड कोणत्या जातीचे आहे, हे सर्व इन्स्टॉलरला स्वतः ओळखावे लागते. यंत्रांचे प्रकार अगणित असल्यामुळे ती सर्व विकसकांच्या हाताखालून जाणे अशक्य असते. यास्तव इन्स्टॉलरचे गुणदोष ते वापरणाऱ्यांनीच पाहून कळवावयाचे असतात. हे कार्य कसे करावे याचे विवेचन डेबियन या कार्यप्रणालीच्या आधारे येथे केले आहे.

डेबियनचा आरंभ १९९३ साली इयान मर्डॉक यांनी केला. ही प्रणाली विनामूल्य मिळते व जगभरचे स्वयंसेवक ती तयार करतात. तिचा सध्याचा इन्स्टॉलर प्रथम ६ जून २००५ रोजी ‘सार्ज’ या आवृत्तीबरोबर प्रसिद्ध झाला. पुढे १४ फेब्रुवारी २००९ रोजी निघालेल्या ‘लेनी’ या आवृत्तीपासून त्यात मराठीचा समावेश झाला. केवळ अक्षरे दाखविणाऱ्या साध्या पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरे नीट उमटत नाहीत. म्हणून मराठी निवडावयाची असल्यास चित्रमय इन्स्टॉलर वापरावा लागतो.

चाचणीपूर्वीची दक्षता

चाचणीसाठी ज्यात महत्त्वाची माहिती नाही असेच यंत्र घ्यावे. डिस्कच्या विभाजनाच्या टप्प्यावर ‘संपूर्ण डिस्क वापरा’ असा पर्याय येतो. तो स्वीकारून बदल कायम केले की डिस्कवरील पूर्वीची माहिती जाते. पटनोंदणी, निकालपत्रके अथवा शिष्यवृत्तीचे अर्ज त्याच यंत्रात असतील तर एका चाचणीपायी वर्षाचे काम नष्ट व्हावयाचे. म्हणून आवश्यक माहितीची प्रत अन्यत्र काढून ती उघडते की नाही हे आधी पाहावे, आणि मगच हात घालावा.

इन्स्टॉलरची फाइल उतरवून घेतल्यावर तिची पडताळणी-संख्या संकेतस्थळावर दिलेल्या संख्येशी ताडून पाहावी. फाइल अपुरी उतरली असेल तर दिसणारा दोष इन्स्टॉलरचा नसतो. फाइलची आवृत्ती व तारीख टिपून ठेवावी. चाचणीच्या फाइली दररोजही नव्याने तयार होत असतात. काल दिसलेला दोष आजच्या फाइलीत नसणे सहज शक्य आहे.

काय पाहावे, कसे टिपावे

स्थापनेच्या अहवालासाठी डेबियनने एक ठराविक नमुना दिलेला आहे. त्यात यंत्राचे नाव, प्रोसेसर, स्मृतीची क्षमता व डिस्कचे विभाग लिहावयाचे असतात. त्यानंतर टप्प्यांची यादी येते : यंत्र सुरू होणे, नेटवर्क कार्ड ओळखणे, डिस्क ओळखणे, विभाजन, मूळ प्रणाली बसविणे, बूट लोडर बसविणे इत्यादी. टप्पा ठीक पार पडल्यास ‘ओ’, चूक झाल्यास ‘ई’, आणि तो करूनच पाहिला नसल्यास चौकट रिकामी, अशी पद्धत आहे. रिकाम्या चौकटीचे महत्त्व शिक्षकांस सांगावयास नको. परीक्षेस गैरहजर असलेल्या मुलास उत्तीर्णही लिहीत नाहीत आणि शून्य गुणही देत नाहीत.

दोष आढळताच पडद्यावरील वाक्य जसेच्या तसे उतरून घ्यावे; छायाचित्र घेतल्यास अधिक चांगले. चित्रमय इन्स्टॉलर चालू असता कंट्रोल, ऑल्ट व एफ-४ ही बटणे एकत्र दाबल्यास आत चाललेल्या कामाच्या नोंदी दिसतात. डावे ऑल्ट व एफ-५ दाबल्यास मूळ पडद्यावर परत येता येते. स्थापना पूर्ण झाल्यास ह्या नोंदी नव्या प्रणालीत जपून ठेवलेल्या असतात. ती अर्ध्यावर अडली, तर त्या साठवून घेण्याचा पर्याय इन्स्टॉलरच्या मुख्य यादीत असतो.

उपयुक्त निवेदन कोणते?

‘इंटरनेट लागत नाही’ एवढेच लिहिलेले निवेदन विकसकास निरुपयोगी ठरते. मुलाच्या वहीवर नुसते ‘उत्तर चूक’ लिहिल्याने त्याचा हातचा राहिला की पाढा चुकला हे कळत नाही. तसेच हे आहे. निवेदनात तीन गोष्टी स्पष्ट याव्यात : काय केले, काय व्हावयास हवे होते, आणि प्रत्यक्षात काय झाले. उदाहरणार्थ, ‘नेटवर्क कार्ड ओळखण्याच्या टप्प्यावर कार्ड सापडले नाही असा संदेश आला, कार्ड अमुक जातीचे आहे, पुन्हा दोनदा करून पाहिले, तोच संदेश आला, नोंदी सोबत जोडल्या आहेत.’ ज्याने ते यंत्र पाहिलेलेच नाही अशा मनुष्यास केवळ निवेदनावरून शोध घेता आला पाहिजे, हीच त्याची कसोटी होय. कारण तर्काने सांगावयाचे असल्यास ‘हा अंदाज आहे’ असे लिहावे. अंदाज व अनुभव यांची मिसळ करू नये.

प्रत्येक निवेदनास क्रमांक मिळतो व पुढील पत्रव्यवहार त्याच क्रमांकावर चालतो. दोषांच्या तीव्रतेच्या सात पायऱ्या आहेत. माहिती नष्ट करणारा दोष सर्वांत वरच्या पायऱ्यांवर जातो, तर सुधारणेची नुसती इच्छा सर्वांत खाली. लक्ष वेधण्यासाठी किरकोळ दोष वर चढवू नये. ही निवेदने सार्वजनिक असतात. म्हणून पासवर्ड, विद्यार्थ्यांची नावे अथवा खाजगी पत्ता नोंदींत अगर छायाचित्रांत राहिला नाही ना, हे पाठविण्यापूर्वी तपासावे. विकसकांनी अधिक माहिती विचारल्यास ती पाठवावी, आणि दोष दुरुस्त झाल्याचे कळताच नव्या फाइलीने त्याच यंत्रावर पुन्हा चाचणी करावी.

शिक्षकांचे विशेष कार्य

इन्स्टॉलरमधील मराठी वाक्ये अनुवादित आहेत. एखादे वाक्य दुर्बोध असेल, किंवा त्यामुळे भलताच पर्याय निवडला जाण्याचा संभव असेल, तर ते मराठी जाणणाऱ्यानेच दाखवून द्यावयाचे आहे. मूळ वाक्य, ते कोठे येते, आणि त्याऐवजी कोणते असावे, एवढे कळविले म्हणजे पुरे.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्थापना निर्वेध पार पडली तरीही अहवाल पाठवावा, असे डेबियनच्या मार्गदर्शिकेतच सांगितले आहे. कोणत्या यंत्रावर काम बिनचूक होते हे त्याशिवाय विकसकांस समजत नाही. एका शाळेने मुकाट्याने सोसलेला दोष तशाच यंत्राच्या दुसऱ्या शाळेतही उभा राहतो. तो तेथे उभा राहू नये, एवढ्यासाठीच हा अर्ध्या तासाचा लेखनप्रपंच करावयाचा.