कल्हई का पसरते आणि पितळ का तडकतं?

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी असो की मुळशीतल्या भूगावचं एखादं जुनं घर, पितळी पातेल्याला कल्हई करायची रीत एकच. भांडं चांगलं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथील लावायचं आणि कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवायचं. नवसागर विसरलात, तर वितळलेलं कथील पाऱ्यासारखे गोळे होऊन घरंगळतं. कथील तेच, पितळ तेच, आचही तीच. मग फरक कशानं पडला?

धातूच्या आतला अणू चहूबाजूंनी शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. पृष्ठभागावरच्या अणूचे वरचे बंध मात्र मोकळे राहतात. म्हणून स्वच्छ धातूच्या पृष्ठभागाकडे जादा ऊर्जा असते, आणि ती कमी करायला तो समोर येईल ते धरून ठेवतो: ऑक्सिजन, पाण्याची वाफ, तेलाचा अंश. यालाच अधिशोषण म्हणतात. (शोषण वेगळं. स्पंज पाणी आत घेतो, इथे सगळा कारभार वरच्यावर.) ऑक्सिजन तर चिकटून थांबत नाही, पुढे त्याचा ऑक्साइडचा थर होतो.

आता कथलाकडे पाहा. द्रवाला पसरायचं तर स्वतःचा पृष्ठभाग वाढवावा लागतो, म्हणजे ऊर्जा खर्च होते. खालच्या घन पदार्थाशी घट्ट नातं जुळलं तरच तो खर्च परवडतो. अळूच्या पानावर पाणी का पसरत नाही, तेच इथे. ऑक्साइड चढलेलं पितळ हे कथलाच्या दृष्टीनं अळूचं पान. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू सुटतात. दुसरा वायू ऑक्साइड खाऊन टाकतो, उघडा धातू समोर येतो आणि २३२ अंश सेल्सिअसला वितळणारं कथील त्यावर पसरतं. तो पांढरा धूर म्हणजे हेच दोन वायू वर गार होऊन पुन्हा जुळलेले, बारीक नवसागराचे कण.

हीच पृष्ठऊर्जा धातूच्या ताकदीतही डोकावते. तडा जाणं म्हणजे दोन नवे पृष्ठभाग तयार होणं, आणि त्यांची किंमत मोजावी लागते. हा हिशेब ग्रिफिथनं १९२१ मध्ये काचेसाठी मांडला. तड्याच्या टोकाशी एखादा पदार्थ चिकटून ती किंमत उतरवत असेल, तर तडा स्वस्तात पुढे सरकतो. रशियन रसायनशास्त्रज्ञ रेबिंडर यांनी १९२८ मध्ये अधिशोषणामुळे घन पदार्थ दुबळे होतात हे दाखवलं. त्यांच्याच नावानं हा परिणाम ओळखला जातो.

सगळ्यात नाट्यमय उदाहरण गॅलियमचं. हा धातू सुमारे ३० अंशांना वितळतो, म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्यात आपोआप. ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग खरवडून त्यावर तो चोळला, की तो स्फटिककणांच्या सीमांमधून आत शिरतो आणि डबा बोटानं मोडतो. पण प्रत्येक द्रव प्रत्येक धातूला असं करत नाही. लवचीक धातू तुटताना बहुतेक ऊर्जा वाकण्यात जाते, पृष्ठभागाचा वाटा अगदी छोटा असतो. म्हणून ठरावीक जोड्याच धोकादायक.

पितळाची गोष्ट तर आपल्याकडचीच. ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी पावसाळ्यात तडकत. १९२१ मध्ये उलगडा झाला: घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, हवेतली ओल, आणि नळकांडं ओढून घडवताना धातूत साठलेला ताण. इथे निव्वळ अधिशोषण नाही, अमोनिया तांबं विरघळवतोही. उपाय साधा निघाला: घडवल्यावर पितळ थोडं तापवून ताण उतरवायचा.

मग नवसागराच्या अमोनियानं पातेलं का तडकत नाही? कारण तापलेल्या भांड्यावर ओल टिकत नाही, अमोनिया काही क्षणच असतो, आणि त्याच आचेनं आतला ताणही सैल पडतो.