इथिओपियाआधी मुरूड गाठा

इथिओपियातल्या गोंदरचे राजवाडे पाहायला विमान लागते. हबशांचा, म्हणजे सिद्दींचा, जलदुर्ग मात्र पनवेलकरांच्या स्वतःच्या रायगड जिल्ह्यात आहे. पेण, अलिबाग, रेवदंडा करत मुरूडजवळच्या राजपुरीला पोहोचायचे आणि तिथून शिडाच्या होडीने जंजिरा. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी हा किल्ला राखला तो थेट १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती, तरीही तो हाती आला नाही.

होडी तटाला अगदी भिडेपर्यंत महादरवाजा दिसत नाही. आत शिरताना भिंतीवरचे शिल्प घाईत सोडू नका: वाघासारख्या श्वापदाने पंजांत हत्ती दाबलेत आणि शेपटीतही एक गुंडाळलाय. वर कलालबांगडी तोफ, मधोमध गोड्या पाण्याचे तलाव. चारी बाजूंनी खारा समुद्र असताना!

बहुतेक सहली इथूनच परत फिरतात, हे फार वाईट. राजपुरीजवळ खोकरीला सिद्दी सरदारांचे तीन दगडी घुमट आहेत; सर्वांत मोठा सिद्दी सुरुलखानाचा. कोरीव जाळ्या जवळून पाहा, त्यासाठी तासभर हाताशी ठेवा.

हबशांपैकीच एक, इथिओपियातच जन्मलेला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. त्यानंतर दहाच वर्षांनी, १६३६ मध्ये, सम्राट फासिलिदसने गोंदर वसवले.

पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात.