तीन मजल्यांची ओळ

१८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली. तिची सुरुवात पुण्यात झाली होती. नाना फडणिसांनी एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरण्याच्या कामाला लावले होते. १८०० साली नाना वारले, काम अडले आणि तो कारागीर मिरजेच्या गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाला गेला. तिथे गीता पुरी झाली. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासात ही हकीकत नोंदवून ठेवली आहे.

नेमक्या त्याच १८०५ साली बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापून निघाले. त्यातला नागरी मजकूर सुट्या खिळ्यांनी जुळवलेला होता. पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर या कारागिरांनी श्रीरामपूरच्या छापखान्यासाठी नागरी खिळे घडवले होते. मिरजेच्या पत्र्यावर अख्खे पान एकसंध कोरलेले. तिथले एक अक्षर उचलून दुसरीकडे नेता येत नाही आणि गीतेचे पान गीतेलाच उपयोगी पडते. श्रीरामपूरचा ‘क’ मात्र आज व्याकरणात, उद्या बायबलात, परवा जाहीरनाम्यात. अक्षर सुटे झाले, आणि सुटी अक्षरे पुन्हा जवळ आणताना किती जवळ आणायची, हा प्रश्नही सोबत आला. टायपोग्राफी सुरू होते ती इथून.

आज सातारा-सांगलीकडचा एखादा मुलगा किंवा मुलगी डीटीपीच्या दुकानात कामाला लागते, मोबाइलवर गणेशोत्सवाचे पोस्टर करते, बेदाण्याच्या खोक्यावरचे लेबल जुळवते, तेव्हा पुढ्यात हाच प्रश्न असतो. पण बहुतेकांची सुरुवात फाँटच्या यादीपासून होते. यादी उघडायची, नटवे अक्षर शोधायचे, त्याला सावली द्यायची, कडा सोनेरी करायची. टायपोग्राफी म्हणजे सुंदर अक्षर, असा समज त्यामागे असतो. सुंदर अक्षर काढणे ही सुलेखनकाराची कला. टायपोग्राफी ही तयार अक्षरांची मांडणी: आकार केवढा, ओळ किती लांब, दोन ओळींत जागा किती, समास किती, आधी काय दिसावे आणि नंतर काय. यातले निम्मे निर्णय कोऱ्या जागेबद्दलचे असतात. नवशिक्याने पहिले लक्ष तिथे द्यावे.

मराठीत हे शिकताना एक अडचण येते. या विषयावरची बहुतेक पुस्तके आणि व्हिडिओ रोमन लिपीला धरून बोलतात. रोमन अक्षरे तळरेषेवर उभी असतात, देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात. आणि देवनागरीची ओळ तीन मजली असते. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वरच्या मजल्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि वेलांटीची कमान, तळमजल्यावर उकार, ऋकार आणि पायमोडका. ‘कमळ’ हा शब्द मधल्या मजल्यातच संपतो. ‘मूर्ती’ तिन्ही मजले व्यापतो: ‘म’च्या पायाशी दीर्घ उकार, ‘त’च्या डोक्यावर वेलांटीची कमान आणि तिला खेटून रफार. आता वरच्या ओळीत ‘मूर्ती’ असेल आणि तिच्या बरोबर खाली ‘कैवल्य’ आले, तर वरचा उकार खालच्या दोन मात्रांवर आदळतो. वाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण तो अडखळतो.

म्हणून इंग्रजीतले आकडे मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. बारा पॉइंट म्हणजे अक्षराच्या पूर्ण चौकटीची उंची. त्या उंचीत देवनागरीला तीन मजले बसवायचे असतात, त्यामुळे मधले अक्षर त्या मानाने लहान राहते. मजकुराला ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या साधारण दीडपट धरून सुरुवात करावी आणि मग छापून, डोळ्यांनी पाहून कमी-जास्त करावे.

या मजल्यांचा अवघड नमुना पाहायचा तर औंधला जायला हवे. चित्रकार असलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर औंध संस्थानात येऊन राहिले, तिथे त्यांनी स्वाध्याय मंडळ चालवले आणि वेदसंहिता औंधातच छापल्या. वेदाच्या छपाईत तीन मजले पुरत नाहीत. ऋग्वेदात अनुदात्त स्वराची आडवी रेघ अक्षराखाली येते आणि स्वरिताची उभी रेघ अक्षराच्या डोक्यावर. म्हणजे उकाराच्याही खाली एक थर आणि मात्रेच्याही वर एक थर. रेघ अर्ध्या अक्षराने सरकली तर स्वर दुसऱ्याच अक्षराला जाऊन चिकटतो आणि पाठ चुकतो. शिशाचे खिळे एकेक उचलून हे जुळवणाऱ्या कंपोझिटरांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. स्वाध्याय मंडळाची जुनी संहिता हाती आली तर अर्थाकडे क्षणभर दुर्लक्ष करून नुसत्या ओळी पाहाव्यात. चिन्हांची एवढी दाटी असूनही पान गुदमरत नाही, कारण ओळींना ऐसपैस जागा दिलेली असते.

खिळ्यांच्या या अडचणीने लिपीलाच हात घालायला लावले. इंग्रजी जुळाऱ्यापुढच्या खिळ्यांच्या केसमध्ये लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरे, वर अंक आणि विरामचिन्हे. मराठी जुळाऱ्याला मात्र काना-मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे धरून शेकड्यांनी खिळे लागत. ते घडवण्याचा खर्च मोठा, केसमध्ये शोधण्याचा वेळ मोठा, आणि छापून झाल्यावर पुन्हा आपापल्या खणात टाकण्याचा वेगळाच. हे ओझे कमी करण्यासाठी विनायक दामोदर सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. ‘अ’ला काना लावून ‘आ’ होतो, मग ‘अ’लाच वेलांटी आणि उकार का लावू नये? तसे केले की इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांचे वेगळे खिळे वाचतात.

सांगली जिल्ह्यात ‘अ’ची ही बाराखडी महिन्याच्या महिन्याला छापून निघत होती. किर्लोस्करवाडी हे नांगरांच्या कारखान्याभोवती १९१० साली वसलेले गाव. तिथे शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० साली ‘स्त्री’ आले आणि १९३४ साली ‘मनोहर’. शंकरराव चित्रकला शिकलेले होते, त्यामुळे मासिकाचे रूप ही त्यांच्या लेखी वरवरची बाब नव्हती. त्या काळच्या अंकांत ‘अितिहास’, ‘अुद्योग’, ‘अेक’ अशी रूपे दिसतात. आजच्या वाचकाला पहिली दोन पाने जड जातात. पुढे डोळा रुळतो. जे रोज दिसते ते सोपे वाटते, हे टायपोग्राफीतले फार मोठे सत्य त्या अंकांत प्रत्यक्ष अनुभवता येते. ही बाराखडी मराठीत टिकली नाही. खिळेच गेल्यावर तिची मूळ निकडही उरली नाही. तरी यंत्राच्या सोयीसाठी लिपीने किती वाकावे, हा प्रश्न त्या अंकांइतका स्पष्टपणे क्वचितच कुठे मांडला गेला असेल.

वाईला मांडणीच्या शिस्तीची दुसरी बाजू दिसते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईत उभे राहिले. पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा २०१५ साली. अशा कोशात वनस्पतीच्या नोंदीत मराठी नावाशेजारी रोमन लिपीतले शास्त्रीय नाव येते, मध्येच रसायनाचे सूत्र, पुढे तिरप्या अक्षरांतली संदर्भाची खूण. दोन लिपी एका ओळीत नांदवायच्या तर रोमन अक्षर मराठीच्या मधल्या मजल्याशी जुळेल एवढेच ठेवावे लागते. आकडा सारखा ठेवून भागत नाही. मोठ्या वाचनालयात विश्वकोशाचा खंड बहुधा मिळतो. त्याचे एखादे पान पट्टी घेऊन मोजले, समास, ओळीची लांबी, शीर्षक आणि मजकूर यांतला फरक टिपून ठेवला, तर नवशिक्याचा पहिला धडा फुकटात होतो.

आता संगणक. विंडोज २००० पासून लाखो मराठी घरांत आणि कचेऱ्यांत पोचलेला ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीतले अध्यापक अशी त्यांची ओळख. ‘मंगल’ पडद्यावर वाचण्यासाठी आहे. त्यात पुस्तक छापणे हा त्या फाँटवरही अन्याय आणि वाचकावरही. दुसरीकडे छपाईच्या दुकानांत युनिकोडपूर्व काळातले फाँट अजून चालतात. त्यांत मराठी दिसते, पण आत इंग्रजी कळांचे संकेत असतात, आणि फाँट बदलला की मजकुराचा कचरा होतो. दुकानदार ते सोडत नाहीत याला कारण आहे: मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड जोडाक्षरे नीट जमत नव्हती. पण आज शिकायला लागणाऱ्याने युनिकोडवरच हात बसवावा.

फाँट निवडताना मराठीच्या दोन-तीन खुणा तपासून घ्याव्यात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ हे शब्द टाइप करून पाहावेत. ‘ऱ्य’ तुटत असेल तर तो फाँट मराठीच्या कामाचा नाही. मग ‘ल’ आणि ‘श’. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठी रूपे ठरवून दिली आहेत. अनेक फाँट हिंदी वळणाची रूपे दाखवतात. कॅनडातल्या टायरो टाइपवर्क्सने ‘टायरो देवनागरी’च्या हिंदी, संस्कृत आणि मराठी अशा वेगळ्या आवृत्त्या काढल्या, त्या अशाच फरकांसाठी. सलग मजकुराला मराठी आवृत्ती चांगली. मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्त’ सूचनाफलक, फॉर्म, तक्ते यांना साजतो, आणि त्यांचाच ‘बलू’ ठळक मथळ्यांना. हे तिन्ही विनामूल्य मिळतात. शिकताना दोनच फाँट घेऊन सहा महिने काम करावे. निवड कमी असली की नजर मांडणीकडे वळते.

काही चुका मात्र पहिल्याच आठवड्यात सोडाव्यात. जागा भरायला अक्षरांमधले अंतर वाढवले तर इंग्रजी शब्द मोकळा दिसतो, मराठी शब्दाची शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. नाव चौकटीत बसत नाही म्हणून अक्षर आडवे ताणले की उभ्या रेघा जाड होतात, आडव्या तशाच राहतात आणि टाकाने दिलेले वळण बिघडते. चौकात लागणाऱ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हे रोज पाहायला मिळते. अरुंद रकान्यात दोन्ही कडा जुळवायचा हट्ट धरला की शब्दांमध्ये खिंडारे पडतात. तिथे उजवी कड मोकळी सोडलेली बरी.

वळण समजायला जाड टोकाचा टाक किंवा बोरू हातात घ्यावा. सुंदर लिहिता आले नाही तरी चालेल. ‘अ’ दहा वेळा गिरवला की रेघ कुठे जाड होते, कुठे बारीक, आणि ते कशामुळे, हे हाताला कळते. देवनागरीच्या बोरूची जीभ रोमन लेखणीच्या उलट बाजूला तिरकी कापतात, म्हणून जाड-बारीक रेघांचा तोलही उलटा पडतो. पुढे खोलात जायचे असेल तर बापूराव नाईकांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा त्रिखंडी ग्रंथ आहे. १९७१ सालचा, इंग्रजीत. संगणकाच्या आधीचा असूनही त्यातले लिपीचे निरीक्षण आजही उपयोगी पडते.

सरावाला लग्नपत्रिकेइतके चांगले काम नाही. तिच्यात कुलदेवतेचे स्मरण, वधूवरांची नावे, आईवडील, आजोबा, मुहूर्त, कार्यस्थळ, निमंत्रक मामा-काका असे सात-आठ थर असतात आणि प्रत्येकाला आपले नाव ठळक हवे असते. घरातली एक जुनी पत्रिका घ्यावी. तिचा मजकूर एकाच फाँटमध्ये, काळ्या शाईत, तीनच आकारांत पुन्हा जुळवावा: नावे सर्वांत मोठी, मुहूर्त आणि कार्यस्थळ मधले, बाकी सगळे एकसारखे. गटागटांमध्ये रेघ किंवा वेलबुट्टी घालू नये, नुसती जागा सोडावी. मग प्रत्यक्ष आकारात छापून घरातल्या एखाद्या आजोबांच्या हातात द्यावी आणि लग्न कुठे, किती वाजता, एवढेच विचारावे. त्यांना पत्रिका डोळ्यांपासून लांब धरावी लागली तर आकार वाढवावा. कार्यस्थळ शोधताना नजर नावांच्या यादीत अडकली, तर त्या दोहोंतली जागा वाढवून पुन्हा छापावी.