रामटेकला टेकडीवरून सुरुवात करू नका

नागपूरकरांचा रामटेकचा रविवार ठरलेला असतो. कामठी, कन्हान मागे टाकत जबलपूर रस्त्याने निघायचं, मनसरला उजवीकडे वळायचं, गाडी गडावर चढवायची, माकडांपासून प्रसादाची पिशवी वाचवत रामाचं दर्शन घ्यायचं, उतरल्यावर खिंडसीला बोटीतून एक फेरी, आणि अंधाराच्या आत घरी. पन्नासेक किलोमीटरचं तर अंतर. त्यात वाईट काही नाही. पण या फेरीत दीड हजार वर्षांपूर्वीची एक राजधानी वाटेवरच सुटून जाते, आणि तिथून राज्याचा कारभार चालवणारी राणीही.

म्हणून माझा आग्रह असतो की आधी नगरधनला जावं. रामटेकच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर हे गाव आहे. डोळ्यांत भरतो तो भोसलेकालीन भुईकोट किल्ला: दणकट दरवाजा, तटबंदी, आत जमिनीखाली उतरत जाणाऱ्या विहिरीतलं देवीचं ठाणं. पण गावाची खरी मिळकत जमिनीखाली आहे. वाकाटक राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असं अभ्यासक मानतात. राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी २०१५ नंतर इथे उत्खनन केलं, तेव्हा मातीची एक छोटी मुद्रा मिळाली. तिच्यावर शंख आणि ब्राह्मी लिपीत नाव: प्रभावतीगुप्ता.

ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला, मुलगे लहान. चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्याच्या सुरुवातीला युवराज दिवाकरसेनाच्या वतीने राज्य तिनेच पाहिलं. पुण्यातल्या एका तांबट कुटुंबाकडे सापडलेला तिचा ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे. त्यात ती वंशावळ सांगते ती माहेरच्या गुप्तांची, आणि गोत्रही वडिलांचंच. सासरच्या गादीवरून दान देताना असं लिहायला धमक लागते. शिवाय मागे पाटलीपुत्राचं वजन होतं, हेही खरंच.

तिचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. तो दिला गेला रामगिरीस्वामीच्या चरणांपाशी. हा रामगिरी म्हणजे आपली टेकडी, असं म. म. वा. वि. मिराशी यांनी मांडलं. ‘मेघदूता’तल्या यक्षाचा रामगिरीही हाच, हे त्यांचंच प्रतिपादन. छत्तीसगडच्या सरगुजामधला रामगढही त्या मानावर हक्क सांगतो, पण नागपुरात हा विषय फार ताणू नये.

आता गडावर चला. उन्हाळ्यात गेलात तर दगडांवर पाय ठेववत नाही. पाऊस संपल्यानंतरचे दिवस चांगले. वर उठून दिसतं ते रामाचं गडमंदिर, अठराव्या शतकात पहिल्या रघुजी भोसल्यांनी त्याला आजचं वैभव दिलं. गर्दी तिकडेच वळते. वाकाटकांची देवळं मात्र बुटकी, सपाट छपराची, तांबूस वालुकाश्माची आहेत आणि नजर सहज त्यांच्यावरून घसरते. राज्यात आजही उभ्या असलेल्या जुन्यात जुन्या बांधीव देवळांत त्यांची गणना होते. रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह, दोन्हीकडे एकेक भलीमोठी मूर्ती आहे. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, फाडलेलं पोट नाही. सिंहमुखी देव ऐसपैस बसलेला आहे, नुसता. आपल्याला सवय असलेल्या उग्र चित्रापेक्षा हे फार वेगळं, आणि मला तरी जास्त भारदस्त वाटतं.

केवल नरसिंहाच्या भिंतीत एक फुटका शिलालेख आहे. तो चुन्याच्या लेपाखाली दडलेला होता. १९८०च्या दशकात अभ्यासकांसमोर आला. त्याच्या वाचनातून दिसतं ते असं: प्रभावतीच्या नावाने इथे ‘प्रभावतीस्वामी’ हे विष्णूचं देऊळ उभं राहिलं, सुदर्शन नावाचा तलाव बांधला गेला, आणि या कामामागे तिच्या मुलीचा हात होता. आईच्या पुण्यासाठी मुलीने केलेलं काम. टेकडीवर येणाऱ्या हजारोंना यातलं काही सांगणारं कोणी नसतं. थोडं पुढे चार खांबांवरच्या मंडपात वराह उभा आहे. त्याच्या पोटाखालून सरकत जाता आलं तर माणूस पापी नाही, अशी समजूत. तिथे मात्र गर्दी असते.

पुढच्या काळाचे थरही इथे आहेतच. यादवकालीन शिलालेख आहे, पायथ्याशी अंबाळ्याचा घाट आहे, जैनांचं शांतिनाथ मंदिर आहे. रामटेकच्या यात्रेला जातो म्हणून घर सोडलेले हरिपाळदेव रिद्धपूरला पोचले आणि पुढे चक्रधरस्वामी झाले, म्हणजे महानुभावांच्या कथेतही रामटेक आहे. आणि गावाभोवतीचे पानमळे. १९९७ला इथे सुरू झालेल्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठामुळे गावाला अलीकडची एक ओळख मिळाली, एवढंच इथे पुरे.

परतताना मनसरला थांबा. मँगनीजच्या खाणींचं हे गाव. महामार्गालगत टेकाडं दिसतात. हिडिंबा टेकडीवर जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या उत्खननात विटांचं प्रचंड बांधकाम उघडं पडलं. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन, महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘सेतुबंध’ काव्याचा कर्ता, याने राजधानी प्रवरपूरला हलवली. ते प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं मिराशींचं मत होतं. मनसरच्या विटा दिसल्यावर ताम्रपटांतलं प्रवरेश्वर देवस्थान हेच, आणि कदाचित राजधानीही इथेच, असं हान्स बाकर यांच्यासारखे संशोधक म्हणू लागले. या टेकडीचं आचार्य नागार्जुनाशी नातं सांगणारा बौद्ध पक्षही ठाम आहे. पवनारचा दावा मला अजून पुरता मोडलेला वाटत नाही, पण त्या विटांच्या पायऱ्यांवर उभं राहिल्यावर बाकर यांची बाजू घ्यावीशी वाटते.

या परिसरातल्या काही चांगल्या मूर्ती मात्र आता इथे पाहायला मिळत नाहीत. मनसरची देखणी शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. रामटेकजवळच्या हमलापुरीला मिळालेल्या ब्राँझच्या बुद्धमूर्ती नागपुरातच आहेत, १८६३च्या अजब बंगला संग्रहालयात. तेव्हा पुढचा रविवार तिकडचा ठरवा.