परिच्छेद कसा उभा राहतो? पावसाच्या इशाऱ्याच्या निमित्ताने लेखन-प्रयोजनाचा विचार

लेखन कशासाठी करावे, हा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्राने फार पूर्वीच उपस्थित केला आहे. अकराव्या शतकातील काश्मीरचे आचार्य मम्मट यांनी 'काव्यप्रकाश' या ग्रंथात काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत. कीर्ती, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अमंगलाचे निवारण, तत्काळ लाभणारा उच्च आनंद आणि प्रिय व्यक्तीने समजवावे तसा गोडीने केलेला उपदेश, अशी ती यादी आहे. भाषा विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षा संपताच बहुधा विसरतात. बातम्यांच्या अनुवादाचे काम करू लागल्यावर मात्र त्यातील दोन प्रयोजने पुन्हा आठवू लागली. वृत्तलेखनाचा कीर्तीशी संबंध नाही. अनुवादकाचे नाव बातमीखाली सहसा नसतेच. उरतात ती व्यवहारज्ञान आणि अमंगलाचे निवारण. सूर्याची स्तुती करून व्याधिमुक्त झालेल्या मयूर कवीचे उदाहरण मम्मटांसमोर होते. आजच्या वृत्तकक्षात अमंगलनिवारणाचे काम पावसाळ्यातील हवामानाच्या इशाऱ्याकडे आले आहे.

प्रयोजन बदलले की परिच्छेदाची बांधणी बदलते. एकाच पावसावर ललितलेखक लिहील तेव्हा तो मातीच्या वासापासून आरंभ करून वाचकाला रेंगाळत पुढे नेईल. तलाठी पंचनामा लिहील तेव्हा गट क्रमांक, पीक आणि बाधित क्षेत्र यांना अग्रस्थान मिळेल. इशारा देणाऱ्याला यांपैकी काहीही करून चालत नाही. कोणी, कोठे, केव्हा आणि काय करावे, हे त्याने पहिल्या वाक्यातच सांगितले पाहिजे. कारण दुसऱ्या वाक्यापर्यंत वाचक पोहोचेलच, याची हमी नसते.

'परिच्छेद' या शब्दाचा मूळ अर्थ सभोवती छेद देऊन वेगळे करणे, असा आहे. संस्कृत ग्रंथांत तो प्रकरणासाठी वापरला जात असे. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पण' या ग्रंथाचे दहा परिच्छेद आहेत. मराठी गद्यात आजच्या अर्थाचा परिच्छेद मुद्रणाबरोबर रुळला. मोडी लिपीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जाण्याची रीत होती. शब्दांमध्ये जागा सोडली जात नसे आणि विरामचिन्हेही जवळजवळ नसत. वाक्य कोठे संपले, हे क्रियापदावरून ओळखावे लागे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापला जाई. मराठी पत्रकारिता आणि अनुवाद यांचा संसार असा पहिल्या दिवसापासूनचा आहे. पुढे १८५० च्या सुमारास मेजर कँडी यांनी मराठीत विरामचिन्हांचा पुरस्कार केला. १८७४ मध्ये सुरू झालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'पर्यंत मराठी निबंधाला स्वतःची प्रौढ शैली लाभली होती.

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. इंग्रजी मजकुरावरून घाईने केलेला अनुवाद पुष्कळदा पुढील नमुन्यासारखा होतो :

"बंगालच्या उपसागरात निर्माण झालेल्या आणि येत्या चोवीस तासांत वायव्येकडे सरकण्याची शक्यता असलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राच्या प्रभावाने सक्रिय झालेल्या मोसमी वाऱ्यांमुळे कोकणात उद्या तुरळक अतिमुसळधार पाऊस पडण्याची शक्यता वर्तविण्यात आली असून, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असे आवाहन करण्यात आले आहे. दरम्यान, राज्यातील धरणांच्या पाणीसाठ्यात वाढ झाली आहे."

व्याकरणदृष्ट्या यात चूक काढणे कठीण आहे. तरीही हा परिच्छेद आपले काम करीत नाही. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद येते आणि तपशील नंतर जोडले जातात. मराठीत क्रियापद शेवटी येते. इंग्रजी वाक्याची लांबी मराठीत तशीच ठेवली, तर 'झालेल्या', 'असलेल्या' अशा विशेषणांची रांग लागते आणि मुख्य गोष्टीसाठी वाचकाला श्वास रोखून थांबावे लागते. त्यामुळे इंग्रजीतील एका वाक्याची मराठीत दोन किंवा तीन वाक्ये करणे हा मूळ मजकुराचा अवमान नव्हे. मूळ मजकुरातील माहिती आणि तिचा निश्चितपणा बदलता कामा नये, एवढेच बंधन आहे. 'शक्यता' असेल तेथे 'पडणार' असे लिहिता येणार नाही.

समजा, जिल्ह्यांची नावे आणि तारीख मूळ मजकुरात पुढे कोठेतरी दिलेली आहेत. ती वर आणून हाच मजकूर असा मांडता येईल :

"रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील मच्छीमारांनी बुधवारी, ९ सप्टेंबर रोजी समुद्रात जाऊ नये. या दिवशी दोन्ही जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पाऊस पडण्याची शक्यता हवामान विभागाने वर्तविली आहे. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या क्षेत्रामुळे मोसमी वारे सक्रिय झाल्याने हा पाऊस अपेक्षित आहे."

येथे पहिले वाक्य परिच्छेदाचा विषय सांगते. दुसरे वाक्य 'या दिवशी' म्हणून पहिल्याचा धागा उचलते आणि तिसरे 'हा पाऊस' म्हणून दुसऱ्याचा. आधीच्या वाक्यात ठाऊक झालेल्या गोष्टीपासून आरंभ करून नव्या गोष्टीकडे जाणे, हीच परिच्छेदाची सर्वांत भक्कम बांधणी होय. धरणांचे वाक्य येथे गळाले आहे, कारण तो वेगळा विषय आहे आणि त्याला वेगळा परिच्छेद हवा. 'दरम्यान' हा शब्द वृत्तलेखनात फार सोकावला आहे. दोन घटना एकाच काळात घडल्या असतील तरच तो योग्य. परंतु विषयांतर झाकण्यासाठीच त्याचा अधिक वापर होतो.

'तुरळक' या शब्दाची जागा मात्र केवळ शैलीचा प्रश्न नाही. हवामान विभागाच्या परिभाषेत तो शब्द पावसाचे प्रमाण सांगत नाही, विस्तार सांगतो. एखाद्या क्षेत्रातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर 'तुरळक ठिकाणी' असे म्हटले जाते. त्या मोजक्या ठिकाणी पडणारा पाऊस मात्र घरे वाहून नेणारा असू शकतो. 'ठिकाणी' हा शब्द गाळला की 'तुरळक पाऊस' एवढेच वाचकाच्या मनात राहते आणि तो निर्धास्त होतो.

परिच्छेद स्वयंपूर्ण असावा, हा धडा प्रस्तुत लेखिकेला एका चुकीतून मिळाला. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, एका रविवारी रात्री, शाळांच्या सुट्टीच्या बातमीत मी 'उद्या शाळा बंद राहतील' असे लिहिले. लिहिताना ते अचूक होते. परंतु संकेतस्थळावरची बातमी रात्रीबरोबर संपत नाही. ती सोमवारी सकाळी वाचणाऱ्या पालकांना सुट्टी मंगळवारची वाटली. भर पावसात मुलांना शाळेच्या बंद फाटकापर्यंत नेऊन परत आणल्याचे काहींनी दूरध्वनीवरून कळविले. कोणी रागावून बोलले नाही, हे अधिक लागले. आकाशवाणीवर 'उद्या' चालतो, कारण ऐकण्याची वेळ ठरलेली असते. वाचण्याची वेळ वाचक ठरवितो. तेव्हापासून वार आणि तारीख दोन्ही लिहिल्याशिवाय अशा परिच्छेदातून मी बाहेर पडत नाही.

शब्दांच्या निवडीत आणखी एक अडचण आहे आणि ती अद्याप सुटलेली नाही. हवामान विभागाच्या वर्गीकरणात चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिमुसळधार आणि त्याहून अधिक म्हणजे सर्वोच्च वर्ग. या सर्वोच्च वर्गासाठी बातम्यांमध्ये सर्रास 'अतिवृष्टी' हा शब्द योजला जातो. महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात मात्र मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तरी ती अतिवृष्टी ठरते आणि पीकनुकसानीच्या मदतीचा विचार त्या निकषावर होतो. म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस झालेल्या गावातील शेतकऱ्याने 'येथे अतिवृष्टी झाली नाही, केवळ मुसळधार पाऊस झाला' असे वाचले, तर पंचनाम्यासाठी अर्ज करण्याचे तो टाळूही शकतो. अशा ठिकाणी आम्ही विशेषणावर विसंबत नाही. मिलिमीटरचा आकडा त्याच वाक्यात देतो. वाक्य थोडे जड होते, ते होऊ द्यावे.